वकील घेऊन या, मग बघू

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ याचे कलम १३ जेमतेम दोन वाक्यांचे आहे. या न्यायालयापुढील कोणत्याही पक्षकाराला वकिलामार्फत बाजू मांडणे हा आपला हक्क आहे असे म्हणता येणार नाही, हे पहिले वाक्य. न्यायहितासाठी आवश्यक वाटल्यास न्यायालय एखाद्या कायदेतज्ज्ञाची न्यायमित्र म्हणून मदत घेऊ शकेल, हे दुसरे. म्हणजे संसदेच्या डोळ्यांसमोर जे न्यायालय होते त्यात पती, पत्नी आणि न्यायाधीश हेच प्रमुख बोलणारे होते. वकील हा तेथे परवानगीने येणारा पाहुणा होता.

आज देशातील कोणत्याही कुटुंब न्यायालयाच्या दाखल-खिडकीवर एखादी स्त्री स्वतः लिहिलेला पोटगीचा अर्ज घेऊन गेली, तर तिला बहुधा पहिले वाक्य ऐकू येते ते असे : "वकील घेऊन या, मग बघू." हे वाक्य कोणत्याही कायद्यात नाही, नियमात नाही, परिपत्रकात नाही. तरीही ते प्रत्यक्षात कलम १३ पेक्षा अधिक प्रभावी ठरले आहे. संसदेने केलेला कायदा खिडकीवरचा एक लिपिक तोंडी रद्द करतो आणि आपण सारे त्याला "व्यवहार" असे नाव देऊन मोकळे होतो. या लेखात माझा वाद आहे तो या व्यवहाराशी.

थोडा इतिहास पाहू. कौटुंबिक वादांत नेहमीच्या दिवाणी दाव्यापेक्षा मुळातूनच निराळी पद्धत हवी, असे विधी आयोगाने १९७४ च्या आपल्या ५९ व्या अहवालात सांगितले. १९७६ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी आदेश ३२-अ घालण्यात आला. न्यायालयांनी त्याचा फारसा उपयोग केला नाही, जुनी वाद-प्रतिवादाची पद्धतच चालू ठेवली, आणि म्हणून १९८४ चा कायदा करावा लागला. या कायद्याची कलमे पाहा. कलम ९ नुसार समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे. कलम १४ नुसार, एरवी पुराव्याच्या कायद्यात बसणार नाही असा कागदही वाद सोडवण्यास उपयोगी वाटला तर न्यायालय वाचू शकते. कलम १५ नुसार साक्ष शब्दशः लिहून घेण्याची गरज नाही, तिचा सारांश पुरतो. कलम १६ नुसार औपचारिक पुरावा प्रतिज्ञापत्रावर देता येतो. ही सर्व कलमे एकत्र वाचली की एकच अर्थ निघतो : ज्याला कायदा येत नाही अशा माणसालाही येथे आपले म्हणणे मांडता आले पाहिजे.

मग अडले कोठे? अडले ते कागदांपाशी. कायदा सोपा केला, पण अर्जाचा नमुना सोपा केला नाही. वकिलाची सक्ती काढली, पण वकिलाचा कारकून जी कामे करतो (अनुक्रमणिका लावणे, पाने क्रमांकित करणे, प्रती तयार करणे, प्रतिज्ञापत्र जोडणे, समन्सची फी भरणे) ती कशी करावीत हे पक्षकाराला सांगण्याची व्यवस्था कोणीच उभारली नाही. आपण दार उघडे ठेवले आणि पायऱ्या बांधायच्या विसरलो.

यावर वकीलवर्गातून एक उत्तर नेहमी येते. स्वतः बाजू मांडणारा पक्षकार भावनेच्या भरात बोलतो, नको ते कागद जोडतो, हवे ते विसरतो आणि न्यायालयाचा वेळ घेतो. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण हा दोष त्या माणसाचा मानायचा की त्याला एक कोरा कागद देऊन "लिहा" म्हणणाऱ्या व्यवस्थेचा? आयकराचे विवरणपत्र सामान्य पगारदार स्वतः भरतो, पारपत्राचा अर्ज स्वतः भरतो, रेल्वेचे आरक्षण स्वतः करतो. कारण तेथे रकाने आखलेले आहेत. पोटगीच्या अर्जाला लागणारी माहिती पारपत्राच्या अर्जाहून फार निराळी नाही : नाव, पत्ता, लग्नाची तारीख व ठिकाण, मुलांची नावे व वये, वेगळे राहण्याची तारीख व कारण, दोघांचे उत्पन्न, दरमहा खर्च आणि मागणी. हे रकाने आखून देणे अशक्य आहे असे कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

रकाने आखता येतात याचा पुरावाही आहे. "रजनेश विरुद्ध नेहा" या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या निकालात उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांच्या प्रतिज्ञापत्राचे नमुने जोडले. शहरी पक्षकारासाठी एक, शेतीवर अवलंबून असणाऱ्यासाठी दुसरा आणि मेघालयासाठी तिसरा. दोन्ही बाजूंनी ते भरायचे, उत्तर देणाऱ्याने जास्तीत जास्त चार आठवड्यांत भरायचे, अंतरिम पोटगीचा निर्णय चार ते सहा महिन्यांत व्हावा आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला, आपला आदेश खाली पाळला जात नाही असे नोंदवून, तो पुन्हा सर्वत्र पाठवण्यास सांगावे लागले. देशातील सर्वोच्च न्यायालयाचा तयार नमुनादेखील खिडकीपर्यंत पोचायला तीन वर्षे अपुरी पडली, ही गोष्ट प्रशासनातील माणसाने तरी लाजेने वाचावी अशी आहे.

कागद नीट नसल्याचा दोष आपण अडाणी पक्षकाराला देतो, पण सरकारचे स्वतःचे कागद कसे असतात? नागालँडमध्ये २००८ साली आणि हिमाचल प्रदेशात २०१९ साली कुटुंब न्यायालये सुरू झाली. परंतु त्या राज्यांत हा कायदा लागू करणारी केंद्राची अधिसूचना काढायची राहूनच गेली. नागालँडमध्ये तर ती न्यायालये वर्षानुवर्षे चालली, निकाल देत राहिली. आणि अखेर या सर्व कामकाजाला पूर्वलक्षी वैधता देण्यासाठी २०२२ साली संसदेला दुरुस्ती कायदा करावा लागला. सरकारकडून एक अधिसूचना राहिली तर संसद धावून येते. पक्षकाराकडून एक झेरॉक्स राहिली तर पुढची तारीख मिळते.

आता मी ज्या खात्यात आयुष्य घालवले तेथील अनुभव सांगतो, कारण कुटुंब न्यायालयाच्या कागदांचा शेवट पुष्कळदा महसुली दप्तरात होतो हे फार थोड्यांना माहीत असते. पोटगी थकली की ती दंडाच्या वसुलीच्या रीतीने वसूल करता येते, आणि त्या रीतीत जिल्हाधिकाऱ्याकडे वॉरंट पाठवून जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली करण्याचीही सोय आहे. अशी वॉरंटे माझ्या टेबलावर येत. त्यांत थकलेली रक्कम असे, नवऱ्याचे नाव असे, आणि पत्त्याच्या जागी एका तालुक्याचे नाव असे. सर्व्हे क्रमांक नाही, घर क्रमांक नाही, नोकरीचे ठिकाण नाही, बँकेचे नाव नाही. तलाठ्याच्या दर्जाचा कर्मचारी गावात जाऊन येई आणि "मालमत्ता आढळून आली नाही" असा शेरा लिहून वॉरंट परत करी. हुकूम बाईच्या बाजूने होता, पण हाती काही पडत नव्हते. तो सर्व्हे क्रमांक, ती पगारपत्रिका सुरुवातीच्याच अर्जाला जोडलेली असती तर हा शेरा लिहिता आला नसता. म्हणून मी म्हणतो की कागद लावणे हे कारकुनी काम नव्हे. मुलाच्या शाळेची फी भरली जाणार की नाही, घराचे भाडे दिले जाणार की नाही, हे त्या कागदांवर ठरते.

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. ज्यांना उद्याच न्यायालयात उभे राहायचे आहे त्यांच्यासाठी माझ्या पाहण्यात उपयोगी ठरलेली पद्धत येथे देतो.

(१) प्रथम एका कागदावर केवळ तारखा लिहाव्यात. लग्न, मुलांचे जन्म, घर सोडल्याची तारीख, पोलिसांत दिलेला अर्ज, शेवटचे मिळालेले पैसे. प्रत्येक तारखेसमोर एक वाक्य, आणि त्या वाक्याला आधार देणाऱ्या कागदाचे नाव. ज्या वाक्याला कागद नाही त्यासमोर कोण साक्ष देईल ते लिहावे. विशेषणे लिहू नयेत. "क्रूर", "निर्दयी" या शब्दांनी न्यायाधीशाला काही कळत नाही. "१२ तारखेला रात्री घराबाहेर काढले, शेजारी अमुक यांच्याकडे राहिले" याने कळते.

(२) कागदांच्या तीन धारिका कराव्यात. पहिली नात्याची : विवाह नोंदणी दाखला, नसल्यास लग्नपत्रिका, छायाचित्रे, मुलांचे जन्मदाखले. विवाहाची नोंद नसली म्हणजे विवाहच झाला नाही असे हिंदू विवाह कायदा मानत नाही, हे लक्षात ठेवावे. दुसरी पैशाची : स्वतःचे व जोडीदाराचे उत्पन्न दाखवणारे जे मिळेल ते, बँकेचे खातेउतारे, सात-बारा, भाडेपावत्या, शाळेच्या फीच्या व औषधांच्या पावत्या. तिसरी न्यायालयाची : दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची पोच, प्रत्येक तारखेचा रोजनामा, प्रत्येक आदेशाची नक्कल.

(३) मूळ कागद मागितल्याशिवाय देऊ नये. प्रती जोडाव्यात, मूळ प्रत तपासणीसाठी बरोबर न्यावी. प्रत्येक पानाला क्रमांक, सुरुवातीला यादी, आणि जितके जाबदार तितक्या जादा प्रती व एक प्रत स्वतःसाठी.

(४) न्यायालयात दाखल करावयाच्या प्रतिज्ञापत्राला १८९९ च्या भारतीय मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत मुद्रांक शुल्कातून सूट दिलेली आहे. राज्याने त्यात दुरुस्ती केली आहे काय ते विचारावे, पण "कागद आणा" एवढे ऐकून विक्रेत्याकडे धावू नये.

(५) मोबाइलवरील संदेश व ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून द्यायचे असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्र जोडावे. त्याचे दोन भाग आहेत, एक स्वतः भरायचा व दुसरा तज्ज्ञाने. कलम १४ ची सवलत आहे म्हणून हे टाळू नये. मूळ मोबाइल विकू नये व त्यातील मजकूर पुसू नये. जोडीदारांमधील गुप्तपणे मुद्रित केलेले संभाषण पुराव्यात घेता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला आहे.

(६) पोटगी थकली की एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्ष उलटले की तिच्यासाठी वॉरंट निघत नाही. त्या अर्जासोबत जोडीदाराची नोकरी, मालमत्ता आणि बँक यांचा तपशील एका स्वतंत्र पानावर द्यावा. पोटगीच्या हुकमाची प्रत विनाशुल्क मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो मागून घ्यावा.

(७) समुपदेशकासमोर किंवा न्यायालयाच्या आवारात समोर ठेवलेल्या तडजोडीच्या मसुद्यावर त्याच दिवशी सही करू नये. घरी न्यावा, दोनदा वाचावा, रक्कम, तारीख आणि मुलांच्या भेटीचे दिवस अंकांत व अक्षरांत लिहिलेले आहेत ना ते पाहावे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी दोन अडचणी येतात. पहिली नावाची. आपल्याकडे नाव, मधले नाव, आडनाव अशी रीत आहे, आणि लग्नानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. कित्येक घरांत पहिले नावही बदलत असे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव, पॅन कार्डावर नवऱ्याचे, शिधापत्रिकेवर सासरचे पहिले नाव. पुण्या-नागपुरातील लिपिकाला यात नवल वाटत नाही. बंगळुरू, लखनौ किंवा कोलकाता येथील लिपिकाला या तीन निराळ्या स्त्रिया वाटतात आणि हरकत निघते. म्हणून अर्जाबरोबरच, या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र प्रत्येक नाव कोणत्या कागदावर आहे त्या तक्त्यासह जोडावे. हरकत निघण्याची वाट पाहू नये.

दुसरी अडचण भाषेची. कनिष्ठ न्यायालयांची भाषा राज्य सरकार ठरवते. इंदूरला हिंदी, अहमदाबादला गुजराती, बंगळुरूला कन्नड. ग्रामपंचायतीचा मराठी दाखला, मराठी पत्र किंवा मराठी संदेश तेथे भाषांतराशिवाय वाचला जाणार नाही. भाषांतर मूळ कागदाच्या शेजारी लावावे आणि भाषांतर करणाऱ्याची सही घ्यावी. मात्र कोठे अर्ज करावा याबाबत कायदा उदार आहे. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी हिंदू विवाह कायद्याखालील अर्ज ती सध्या राहते तेथे करू शकते, आणि पोटगीचा अर्जही तिच्या राहत्या ठिकाणी चालतो. लग्न कोल्हापुरात झाले म्हणून भोपाळहून कोल्हापूरला खेपा घालण्याची सक्ती नाही. परदेशातून पाठवलेल्या मुखत्यारपत्राला व दाखल्यांना तेथील अपोस्टिल किंवा भारतीय वकिलातीचे साक्षांकन लागते, ते आधीच करून घ्यावे.

या साऱ्याचा अर्थ वकील नकोच असा कोणी काढू नये. फौजदारी गुन्हा नोंदला गेला असेल, मूल परदेशात नेले असेल, मालमत्तेवर तिसऱ्याचा दावा असेल किंवा समोरच्या बाजूने वकील उभा केला असेल, तर एकट्याने लढणे शहाणपणाचे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. खिडकीवर "वकील घेऊन या" असे सांगणाऱ्याने निदान पुढचे वाक्य तरी पूर्ण करावे : "आणि तो सरकार फुकट देते, त्या खोलीत विचारा." हे दुसरे वाक्य मी फार क्वचित ऐकले आहे.

आता मागण्या. न्यायालयांचे कामकाज उच्च न्यायालयाच्या अधिकारात येते आणि नियम करण्याचा अधिकार कलम २१ ने त्यांनाच दिला आहे. कार्यपालिकेने त्यात ढवळाढवळ करू नये. पण इमारत, कर्मचारी, छपाई आणि पैसा राज्य सरकारचा आहे आणि कलम २३ ने त्यालाही नियम करता येतात. दोघांनी मिळून एवढे करावे :

(१) पोटगी, अंतरिम पोटगी, मुलांचा ताबा व भेट, परस्परसंमतीने घटस्फोट आणि थकबाकीची वसुली या पाच अर्जांचे रकाने आखलेले नमुने राज्यभाषेत खिडकीवर मिळावेत, भरलेल्या एका उदाहरणासह.

(२) अर्ज घेण्यास तोंडी नकार देता येणार नाही. हरकती असतील तर त्या सर्व एकाच वेळी, लेखी, सहीनिशी द्याव्यात. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरी, हे बंद व्हावे.

(३) एका पक्षाला वकिलाची परवानगी दिली की त्याच दिवशी दुसऱ्या पक्षाला मोफत वकिलाच्या हक्काची लेखी माहिती द्यावी आणि तशी नोंद रोजनाम्यात व्हावी.

(४) उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्राचे नमुने सर्व राज्यभाषांत असावेत. इंग्रजी निकालाच्या शेवटी जोडलेला नमुना भंडारा किंवा बिदर येथील बाईच्या काय उपयोगाचा?

(५) वसुलीच्या वॉरंटला मालमत्तेच्या तपशिलाचे पान जोडल्याशिवाय ते पाठवू नये, आणि "आढळून आली नाही" असा शेरा लिहिणाऱ्या महसूल कर्मचाऱ्याने कोणकोणते अभिलेख तपासले ते लिहावे. ही मागणी माझ्याच खात्याकडे आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. फार मोठा खर्चही लागत नाही. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ साली केंद्राने ७२१० कोटी रुपये मंजूर केले; त्या पैशाने यंत्रे येतील, पडदे येतील, दूरदृश्य सुनावणी होईल. पण खिडकीवरच्या माणसाने तोंडी नकार द्यायचा नाही हा नियम कोणत्याही यंत्राने येणार नाही. तो लेखी आदेशाने येईल आणि तो मोडला तर जाब विचारण्याने टिकेल.

वाचकांपैकी जे शासकीय सेवेत आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. जन्मदाखला, विवाह नोंद, सात-बारा, पगाराचा दाखला हे सगळे कागद आपल्याच कार्यालयांतून निघतात. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. त्या साठ दिवसांतले वीस दिवस एका दाखल्याच्या नकलेसाठी आपल्या दारात जात असतील, तर कुटुंब न्यायालयाच्या विलंबाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि जे वाचक पक्षकार आहेत त्यांनी खिडकीवर "वकील घेऊन या" हे ऐकले की शांतपणे एक कोरा कागद पुढे करावा आणि म्हणावे, "हेच कृपया लिहून द्या."

ते लिहून मिळणार नाही. अर्ज मात्र बहुधा घेतला जाईल.